पंचवीस टक्के ओल म्हणजे किती?

(सीमाभागातल्या तरुण मित्रमैत्रिणींसमोर केलेल्या भाषणाचा हा मजकूर. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)



आज एक सोपा वाटणारा प्रश्न घेऊन आलोय. समजा, तुमच्या रानात एक सेन्सर पुरलाय. तो तुमच्या मोबाईलवर आकडा दाखवतोय : ओल २५ टक्के. आता सांगा, पाणी द्यायचं की थांबायचं?

निपाणी, चिकोडी, अथणीकडची काळ्या रानातली पोरं म्हणतील, द्यायलाच पाहिजे, उशीर झाला. खानापूरकडची तांबड्या, हलक्या रानातली म्हणतील, कशाला? रान भरलंय की! आणि गंमत म्हणजे दोघंही बरोबर. काळ्या भारी मातीत पाणी मुरून वापसा येतो, तेव्हा तिच्यात आकारमानाने साधारण ३५ ते ४० टक्के पाणी असतं. तेच २० ते २५ टक्क्यांवर आलं की पीक माना टाकायला लागतं. तांबड्या, वाळूसर, हलक्या मातीत वापशाला १५ ते २० टक्केच पाणी असतं आणि ८-१० टक्क्यांवर पीक कोमेजतं. म्हणजे काळ्या रानात २५ हा तहानेचा आकडा, आणि हलक्या रानात तोच आकडा म्हणजे जास्त झालेलं पाणी खाली झिरपतंय.

सेन्सर एकच, आकडा एकच आणि अर्थ उलटा. आज मला एवढंच सांगायचंय : सेन्सर आकडा देतो, पण त्या आकड्याचा अर्थ तुमच्या रानात, तुमच्याच माणसांकडून लावून घ्यावा लागतो. ते काम करायला तुमच्यासारखी पोरं लागतात. ते कसं करायचं, हे आता बघू.

आधी हा सेन्सर काय करतो ते बघा. पुष्कळांना वाटतं, तो पाणी मोजतो. तसं नाही. जास्त चालणाऱ्या प्रकारात तो मातीत एक विद्युत क्षेत्र तयार करतो आणि त्या क्षेत्रात माती कशी वागते ते बघतो. याचा एक मापांक आहे, डायइलेक्ट्रिक स्थिरांक. हवेचा १, कोरड्या मातीचा ३ ते ५ आणि पाण्याचा जवळजवळ ८०. एवढा मोठा फरक असल्यामुळे मातीत थोडं जरी पाणी वाढलं तरी सेन्सरला लगेच कळतं. कॅनडातल्या टॉप, डेव्हिस आणि अ‍ॅनन या तिघांनी १९८० साली या मापांकावरून पाण्याचं प्रमाण काढायचं सूत्र मांडलं. आजच्या कितीतरी सेन्सरांच्या पोटात तेच सूत्र किंवा त्याचे चुलतभाऊ बसलेत. पण हे सूत्र काही तुमच्या बांधावर बसून काढलेलं नाही. तुमच्या मातीत ते थोडं इकडेतिकडे होणारच.

दुसरा प्रकार आहे टेन्शिओमीटरचा. पाण्याने भरलेली नळी, खाली चिनी मातीची सच्छिद्र वाटी, वर गेज. माती कोरडी होत गेली की ती त्या वाटीतून पाणी ओढते आणि गेजवर ओढ दिसते. ती सेंटीबारमध्ये मोजतात. हा प्रकार किती पाणी आहे ते सांगत नाही. मुळाला पाणी ओढून घ्यायला किती जोर लावावा लागतोय, ते सांगतो. त्यामुळे काळं रान असो नाहीतर तांबडं, याचा आकडा बराच सारखा बोलतो : १० ते ३० च्या आसपास असला तर पिकाला आरामात पाणी मिळतंय. अडचण एवढीच की ८०-८५ सेंटीबारच्या पुढे नळीत हवा शिरते आणि काम थांबतं, नळीत पाणी पुन्हा भरावं लागतं. आणि भेगाळणाऱ्या रानात वाटी मातीपासून सुटते.

आता 'वायरलेस' या शब्दाकडे येऊ. रानात वायर पसरून ठेवली तर काय होतं, हे तुम्हाला मी सांगायला नको. नांगराचा फाळ, कोळपं, उंदीर, घुशी, डुकरं आणि तोडणीनंतर पाला पेटवला तर आग. म्हणून सेन्सर जमिनीत, शेजारी खांबावर छोटी डबी आणि डबीतून रेडिओने आकडा पाठवायचा. आपल्याकडे यासाठी लोरा नावाचं तंत्र सोयीचं आहे. भारतात ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झचा पट्टा कमी शक्तीच्या अशा उपकरणांना विनापरवाना वापरता येतो. वायफाय घराच्या भिंतीतून जाताना दमतं, लोरा मोकळ्या शिवारात काही किलोमीटर जातं. कारण ते अगदी हळू आणि अगदी थोडं बोलतं. एका वेळी दहा-वीस बाइट. पण ओलीचा आकडा सांगायला तेवढं भरपूर होतं.

डबी बहुतेक वेळ झोपलेली असते. अर्ध्या तासाने जागी होते, माती बघते, आकडा पाठवते, परत झोपते. म्हणून साध्या बॅटरीवर एक-दोन हंगाम निघतात. गावात एका उंच जागी, घराच्या गच्चीवर नाहीतर पाण्याच्या टाकीवर, एक गेटवे बसवला आणि तिथे इंटरनेट असलं की झालं. प्रत्येक रानात मोबाईलची रेंज लागत नाही. खानापूरच्या डोंगराकडच्या गावांना याचा अर्थ लगेच कळेल. फक्त मधे टेकडी आली तर आकडा पोचत नाही, आणि पुरुषभर उंच उसाच्या आत डबी ठेवली तरी पोचत नाही. पानांतलं पाणी रेडिओ लहरी पिऊन टाकतं. डबी उसाच्या शेंड्यावर आली पाहिजे. म्हणजे लागणीच्या वेळीच तीन-चार मीटरच्या खांबाची सोय करायची.

हे सगळं काही कालपरवा आलेलं नाही. २००० च्या दशकातच बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेने आणि स्वित्झर्लंडच्या लोझान इथल्या तंत्रज्ञान संस्थेने आपल्याच राज्यात, तुमकूर जिल्ह्यातल्या पावगड भागातल्या एका कोरडवाहू गावात वायरलेस सेन्सर लावून बघितले होते. आयआयटी मुंबईच्या लोकांनी नाशिकच्या द्राक्षबागेत मातीची ओल, हवेतला दमटपणा, पानावरचा ओलावा मोजणारं असंच जाळं उभं केलं होतं. आता बारामतीच्या कृषी संस्थेत उसासाठी सेन्सर, उपग्रहाची चित्रं आणि कृत्रिम बुद्धिमत्ता एकत्र करून काम चाललंय, ते तुम्ही रीलमध्ये बघितलं असेल.

मग वीस वर्षांत ही वस्तू आपल्या बांधावर का दिसत नाही? किंमत हे एक कारण आहेच. पण पावगडसारख्या ठिकाणचा प्रश्न किमतीच्या पुढचा आहे. ज्याच्याकडे विहीर नाही, त्याला 'ओल कमी झाली' असं सांगून उपयोग काय? तो आकाशाकडेच बघणार. आकडा तेव्हाच कामाचा, जेव्हा त्यावर माणूस काहीतरी करू शकतो. म्हणून आपल्या भागात हा सेन्सर कुठे कामाचा, ते आधी बघू.

बेळगाव तालुक्यात, खानापुरात पावसाळ्यातल्या भाताला हा सेन्सर लावायची गरज नाही. वाफ्यात पाणी उभं असताना ओल मोजून काय करणार? भात निघाल्यावर जमिनीतल्या उरलेल्या ओलीवर मसूर, वाटाणा, हरभरा करतात, तिथे पेरणीची वेळ धरायला आणि खाली किती ओल शिल्लक आहे ते बघायला उपयोग होईल. भाजीपाल्याला होईल. पण खरा उपयोग तिथे, जिथे पाणी भरपूर आहे आणि ते जास्त दिलं जातंय. म्हणजे ऊस.

इथे जरा हिशेब करू. वही असेल तर लिहून घ्या. एक एकर रानावर एक सेंटीमीटर पाणी उभं केलं तर ते होतं साधारण ४० हजार लिटर. आता काळं रान घ्या. वापशाला ३८ टक्के, आणि ३० टक्क्यांवर आल्यावर आपण पाणी देतो असं धरू. फरक ८ टक्के. उसाची कामाची मुळं बहुतेक वरच्या दोन फुटांत, म्हणजे ६० सेंटीमीटरमध्ये असतात. ६० सेंटीमीटरचे ८ टक्के म्हणजे ४.८, पाच सेंटीमीटर धरा. एकराला दोन लाख लिटर. एवढंच पाणी त्या रानाला पाहिजे आहे.

आणि आपण सरी तुडुंब भरेपर्यंत सोडलं, आठ सेंटीमीटर गेलं, तर झाले ३ लाख २० हजार लिटर. वरचे १ लाख २० हजार लिटर मुळाखाली गेले. जाताना पोत्यातला युरियाही बरोबर घेऊन गेले. तासाला ३० हजार लिटर देणारा पंप असेल तर हे जादा पाणी म्हणजे चार तास. ते चार तास बहुतेक वेळा रात्रीचे असतात, कारण थ्री-फेज वीज पाळीने येते. रात्री दोन वाजता बॅटरी घेऊन दारं धरायला कोण जातं? तुमचे वडील, नाहीतर चुलते. पायाखाली चिखल आणि गवतात साप. हे चार तास वाचले तर तेवढी झोप होईल, आणि साप-विंचवाची भीती तेवढी कमी.

इथे कोणी म्हणेल, वीज तर फुकट आहे. बरोबर. कर्नाटकात १० एचपीपर्यंतच्या शेतीपंपाला वीजबिल नाही. म्हणून जादा पाणी दिल्याचा हिशेब बिलावर दिसत नाही. पण तो जमिनीवर दिसतो. कृष्णाकाठ, दूधगंगा-वेदगंगेचा काठ बघा. जादा पाणी खाली साठतं, भूजल वर येतं, मग केशाकर्षणाने ते पृष्ठभागाकडे चढतं, पाणी उडून जातं आणि मीठ मागे राहतं. पहिल्यांदा रानाच्या खोलगट भागात पांढुरकं दिसतं. मग ऊस ठिकठिकाणी बसका राहतो. मग रान चिबड होतं, क्षारपड होतं. पलीकडे शिरोळ तालुक्यात अशी रानं सुधारायला जमिनीखाली सच्छिद्र पाईप टाकून निचरा काढायची मोठी कामं झाली आहेत आणि रानं परत पिकाखाली आलीत. पण हा खर्च एकट्या-दुकट्याला झेपत नाही, आणि पाणी सोडायला नाला शेजाऱ्याच्या रानातून न्यावा लागतो. रान बिघडायच्या आधी हात आवरता आला, तर तो सगळ्यात स्वस्त उपाय. सेन्सरची खरी किंमत इथे आहे, मोबाईलवरच्या रंगीत आलेखात नाही.

म्हणून एका जागी दोन सेन्सर लावायचे. एक फूटभर खोल, एक दोन फुटांवर. वरचा सांगतो पाणी कधी द्यायचं, खालचा सांगतो पाणी कधी बंद करायचं. पाणी देताना खालचा आकडा चढायला लागला की समजायचं, मुळांचं पोट भरलं, आता खाली वाहून जायला लागलं. आणि खालचा आकडा आठवडाभर उतरतच नसेल, तर जमिनीखाली पाणी तुंबलंय. ही चिबडाची पहिली खूण असू शकते, पांढुरकं दिसायच्या कितीतरी आधीची.

आता हा सेन्सर खोटं कधी बोलतो, तेही ऐका. सेन्सर विकणारे हे सांगत नाहीत.

पहिली गोष्ट, काळ्या मातीच्या भेगा. उन्हाळ्यात आपल्या रानात हात जाईल एवढी भेग पडते. ती भेग सेन्सरच्या अंगावरून गेली की सेन्सर मातीऐवजी हवा मोजतो आणि रान होतं त्यापेक्षा फार कोरडं दाखवतो. उलटही होतं. पाणी सोडलं की भेगेतून सरळ खाली उतरतं आणि खालचा सेन्सर वरच्याच्या आधी ओला दिसतो. असं दिसलं तर घाबरू नका, भेग शोधा, आणि सेन्सर काढून ओल्या मातीचा चिखल घट्ट दाबून परत बसवा.

दुसरी गोष्ट, मीठ. खारवट जमिनीत वीज सहज वाहते. त्यामुळे कमी वारंवारतेवर चालणारे स्वस्त सेन्सर ओल आहे त्यापेक्षा जास्त दाखवतात. म्हणजे जिथे नेमका आकडा सगळ्यात जास्त पाहिजे, तिथेच तो बिघडतो. काही सेन्सर क्षारताही दाखवतात. ती चढते की उतरते एवढंच बघा. माती परीक्षणाच्या अहवालात क्षारता ४ डेसीसायमन प्रति मीटरच्या वर गेली की जमीन खारवट धरतात. पण तो आकडा प्रयोगशाळेत माती पाण्याने पूर्ण भिजवून काढलेल्या अर्काचा असतो. रानातल्या सेन्सरचा आकडा वेगळा असतो. दोन्ही शेजारी ठेवून तुलना करू नका.

तिसरी गोष्ट, जागा. सेन्सर मोजतो ती त्याच्या आजूबाजूची मूठभर माती. तो पाटाच्या तोंडाशी लावला तर कायम ओला, बांधाच्या टोकाला लावला तर कायम सुका. रानाचा मधला, सरासरीचा भाग निवडा. ठिबक असेल तर नळीच्या छिद्राच्या अगदी खाली नको, थोडं बाजूला, मुळं असतील तिथे.

चौथी गोष्ट तुमच्या कॉलेजच्या प्रदर्शनाची. दोन काट्यांचा, शे-दोनशे रुपयांचा सेन्सर, एक कुंडी, एक छोटा पंप, एक लाल दिवा. प्रदर्शनात टाळ्या मिळतात. रानात पुरला की त्या उघड्या काट्यांतून वीज वाहून वाहून काही आठवड्यांत काटे गंजून जातात. कपॅसिटिव्ह पट्टी त्यापेक्षा बरी, पण तिच्या कडा आणि वरचा सर्किटचा भाग नीट सील केला नाही तर पाणी आत शिरतं आणि आकडा भरकटतो. शिकायला ही वस्तू उत्तम आहे. मात्र तिच्या भरवशावर कोणाच्या उसाचं पाणी तोडू नका.

मग भरवसा येणार कसा? आता मुद्द्यावर येतो.

आपल्या मराठीत एक शब्द आहे, वापसा. कोणी वाफसा म्हणतं. आपल्याकडचे जुने लोक 'घात आली' असंही म्हणतात. कन्नडमध्ये याच्या जवळचा शब्द आहे, हद. जमीन ना चिखलाची, ना ढेकळाची. अवजाराला चिकटत नाही, मुठीत दाबली तर गोळा होतो आणि बोटाने टोचला तर फुटतो. मुळाला हवाही आहे, पाणीही आहे. पुस्तकातली 'फील्ड कपॅसिटी' आणि आपला वापसा अगदी एक नाहीत, पण बांधाला बांध लागून आहेत. हे माप कुठल्याही कंपनीच्या डबीत भरून मिळत नाही. ते तुमच्या आबांच्या हातात आहे. त्यांनी पन्नास वर्षं त्याच मातीत हात घातलाय.

पण आबांच्या मापाला एक मर्यादा आहे. ते वीतभर खोलीपर्यंत चांगलं चालतं. दोन फुटांवर काय चाललंय, ते हाताला कळत नाही. सेन्सरला दोन फुटांवरचं कळतं, पण त्याचा अर्थ कळत नाही. म्हणजे दोघांना एकमेकांची गरज आहे, आणि दोघांशी बोलता येणारं माणूस घरात एकच आहे : तुम्ही.

तर असं करा. एक साधी वही घ्या. चार रकाने आखा. तारीख, वरचा आकडा, खालचा आकडा आणि चौथ्या रकान्यात आबांचा किंवा आईचा शब्द. रानात जायचं, सेन्सरजवळची माती उकरून त्यांच्या हातात द्यायची आणि विचारायचं, कशी वाटतीय? ते म्हणतील, "अजून चिखल हाय," "उद्या घात येईल," "वापसा आला," "आता वरनं सुकलंय, खाली हाय," "आता पाणी मागतंय." तो शब्द आहे तसा लिहायचा, सुधारून लिहायचा नाही. मोबाईलवरचा आकडा त्यांना आधी सांगायचा नाही, नाहीतर त्यांचा शब्द आकड्याकडे झुकतो.

पाणी दिल्यापासून पुढच्या पाण्यापर्यंत दिवसाआड लिहा. अशी चार-पाच पाणी झाली की वहीत आपोआप दिसायला लागेल : आपल्या या तुकड्यात 'वापसा' म्हणजे ३६ ते ३८, 'पाणी मागतंय' म्हणजे २९-३०. हे आकडे मी उदाहरणाला घेतलेत, तुमचे वेगळे येतील. तुमचे जे येतील ते तुमच्या रानाचे. त्यांना शास्त्रात कॅलिब्रेशन म्हणतात. मोठा शब्द आहे, पण काम वहीचं आहे.

ज्यांना याच्या पुढे जायचंय त्यांनी वजनाची पद्धत करावी. ठराविक मापाच्या, दोन्ही बाजूंनी उघड्या पत्र्याच्या नळीने सेन्सरशेजारची माती न दाबता काढायची, वजन करायचं, १०५ अंशांच्या ओव्हनमध्ये दिवसभर वाळवायची, परत वजन करायचं. जेवढे ग्रॅम कमी झाले तेवढे मिलिलिटर पाणी होतं. त्याला नळीच्या आकारमानाने भागलं की खरी टक्केवारी निघते. कॉलेजच्या प्रयोगशाळेत काटा आणि ओव्हन असतोच. ओल्या, मध्यम, सुक्या अशा तीन अवस्थांत हे केलं तर सेन्सर किती चुकतोय ते कागदावर येतं. शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट करायचाच आहे, तर असा करा. कुंडीतल्या लाल दिव्यापेक्षा त्याची किंमत जास्त आहे.

सेन्सर घ्यायला पैसे नसले तरी सुरुवात अडत नाही. कोइम्बतूरच्या ऊस प्रजनन संस्थेने एक हातात धरायचं साधं यंत्र तयार केलंय. दोन सळया मातीत खुपसायच्या आणि रंगीत दिवा बघायचा. निळा लागला तर ओल भरपूर, हिरवा लागला तर पुरेशी, नारिंगी म्हणजे पाणी द्यायला घ्या, लाल म्हणजे लगेच द्या. वायरलेस नाही, आलेख नाही, पासवर्ड नाही. पण त्याच्या मागचा विचार मला फार पटतो. त्यांनी टक्केवारी दाखवलीच नाही. शेतकऱ्याला पाहिजे असलेलं उत्तर दाखवलं.

याच विचारावरून भाषेकडे येतो. 'व्हीडब्ल्यूसी ३१.४' असा मेसेज मोबाईलवर येतो. तो येतो कोणाच्या मोबाईलवर? बेळगावात नाहीतर पुण्यात नोकरी करणाऱ्या मुलाच्या. आणि दारं धरणारं माणूस कोण? घरची आई, नाहीतर रोजंदारीवर आलेला गडी. मग मुलगा फोन करतो, आई म्हणते, "आता ऱ्हाऊ दे बाबा, वीज आलीय, सोडते पाणी." आणि सगळी यंत्रणा तिथेच संपते.

मेसेज दारं धरणाऱ्याच्या मोबाईलवर आणि त्याच्या भाषेत गेला पाहिजे. आपल्याकडे एकाच बांधावर मराठी बोलणारं आणि कन्नड बोलणारं माणूस काम करतं. दोघांनाही कळलं पाहिजे. ज्याला वाचता येत नाही त्याच्यासाठी बोलका कॉल पाहिजे. आणि मेसेज टक्क्यांत नको. "खाली ओल आहे, दोन दिवस थांबा." "आता पाणी बंद करा." एवढंच. हे कोण लिहिणार? दूर बसलेला प्रोग्रामर 'सॉइल मॉइश्चर' याचं भाषांतर 'मृदा आर्द्रता' करून मोकळा होतो. तुमच्या वहीच्या चौथ्या रकान्यात 'घात' आहे, 'वापसा' आहे, 'पाणी मागतंय' आहे. तेच शब्द मेसेजमध्ये जाऊ द्या. प्रोग्रामिंग येणारी पोरं इथे बसलीत. हे एका रविवारचं काम आहे.

शेवटी, कोणी कंपनीचा सेन्सर घेणार असेल तर पैसे द्यायच्या आधी पाच प्रश्न विचारा. एक, माझ्या मातीसाठी आकडा जुळवून देणार का, की सगळ्यांना एकच सूत्र? दोन, कच्चे आकडे मला उतरवून घेता येतील का? तीन, वर्षाचं शुल्क भरलं नाही तर जुने आकडे माझ्याकडे राहतील की गायब? चार, सेन्सर बिघडला तर बदलायला माणूस किती दिवसांत येणार? पाच, मेसेज कुठल्या भाषेत आणि किती नंबरांवर जातो? उत्तर टाळलं तर घाई करू नका.

आणि एकट्याने घ्यायची गरज नाही. शिवारात एकाच जातीची माती असलेली पाच-सात रानं एकमेकांना लागून असतात. मातीच्या एका जातीला एक जोडी लावा, गेटवे सगळ्यांत मिळून एक. आकडे सगळ्यांना दिसू द्या. प्रत्येकाचं पाणी द्यायचं दिवस-वार वेगळं असेल, तरी 'आपलं रान किती दिवसांत पाणी मागतं' हे सगळ्यांना कळेल. तेवढ्यानेच हात आवरतो.

या उन्हाळ्यात आडसाली असो, खोडवा असो, घरच्या एका तुकड्यात सुरुवात करा. सेन्सर नसेल तर फावडं आणि वही घेऊन जा. दोन फूट खड्डा घ्या, आबांना माती दाखवा, शब्द लिहा. सेन्सर पुढच्या हंगामात येईल, तेव्हा त्याला काय विचारायचं ते तुमच्या वहीत तयार असेल. वही लिहिलीत की इथे फोटो टाका. कोणाचं 'पाणी मागतंय' किती आकड्यावर येतं, ते एकमेकांना कळू दे.